पाठीचं तेल म्हणून सांगितलं, आता काय करू?

ताई, माझं वय ४७. डोंबिवलीत वन-बीएचके. सासूबाई आणि बारावीतला मुलगा हॉलमध्ये झोपतात. वर्षभरापासून जवळ येताना मला कोरडेपणाचा त्रास होतो. ह्यांनी औषधाच्या दुकानातून एक जेल आणलं होतं. ते संपल्यावर परत मागायची लाज वाटली, म्हणून घरातलं खोबरेल वापरतो. चादरींवर मोठे डाग पडलेत. गरम पाणी, सोडा, ब्लीच सगळं झालं. ओल्या चादरीवर डाग दिसत नाही, वाळली की परत हजर. सासूबाईंनी दांडीवरची चादर बघून विचारलं, तर मी पाठीला तेल लावलं म्हणाले. तेव्हापासून त्या रोज रात्री महानारायण तेलाची बाटली उशाशी ठेवतात. त्याचेही डाग पडायला लागले! बाकी सगळं ठीक. कंडोम वापरतो, त्यामुळे ती काळजी नाही. पाळी आता वयाप्रमाणे पुढे-मागे होते, यावेळी तीन आठवडे लांबली आहे. डाग जायला काही उपाय सांगा. – एक वाचक

महानारायण तेलापाशी मी मनापासून हसले, रागावू नका. पण कंडोमचं आणि लांबलेल्या पाळीचं वाक्य वाचताना हसू थांबलं. डागाचं सगळं सांगते, आधी हे करा: उद्या सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीची घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट. किट कुठल्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. निगेटिव्ह आली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. पॉझिटिव्ह आली तर वाट न बघता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

घाबरवायचा हेतू नाही. या वयात पाळी लांबण्याचं कारण बहुतेकदा वयच असतं. पण 'ती काळजी नाही' हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही, आणि त्याचं कारण तुमच्या चादरीवरच पडलंय. नेहमीचे कंडोम लेटेक्सचे, म्हणजे रबराचे असतात. तेल लागलं की लेटेक्स काही मिनिटांतच कमजोर व्हायला लागतं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ते फाटण्याची शक्यता वाढते. खोबरेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, तूप, सगळ्यांना हेच लागू. पन्नाशीच्या आत पाळी पूर्ण थांबली, तर त्यानंतरही दोन वर्षं गर्भनिरोधक चालू ठेवायला सांगतात. पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष. तुमची तर अजून चालू आहे. म्हणजे कंडोम हवाच, आणि खोबरेल आजपासून बंद.

आता चादरी. असे डाग तीन प्रकारचे असू शकतात आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. पहिल्या जेलचं खोकं किंवा बाटली अजून असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. सुरुवातीलाच पाणी, ग्लिसरीन, प्रोपिलिन ग्लायकॉल असं काही असेल तर ते वॉटर-बेस्ड. त्याचा डाग वाळल्यावर कडक, पांढुरका होतो आणि साध्या धुण्यात निघतो, त्याची चिंताच नको. डायमेथिकोन किंवा 'कोन'ने संपणारं तसलं नाव असेल तर ते सिलिकॉन. ते पाण्यात विरघळत नाही, कापडावर तेलासारखाच गडद, गुळगुळीत पट्टा सोडतं. तिसरं अर्थातच तुमचं खोबरेल, आणि त्यावर सासूबाईंची माया.

ओल्या चादरीवर डाग दिसत नाही, कारण सगळंच कापड भिजून सारखं गडद झालेलं असतं. तो गेलेला नसतो. ब्लीचने तेल निघत नाही, ते रंग घालवतं. म्हणजे डाग तिथेच आणि चादर मात्र विटकी. (संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच चुकूनही एकत्र करू नका. विषारी वायू सुटतो, आणि आपल्याकडच्या खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.) सोडा चुकीचा नव्हता. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर त्याची मदतच होते, पण तेलाला तो एकटा पुरत नाही.

तेलाला लागतं भांडी घासायचं लिक्विड. कढईचं तेलकट काढायलाच ते बनवलेलं असतं. ते टाकायचं कोरड्या चादरीवर. आपण सवयीने आधी बादलीत बुडवतो आणि तिथेच फसतो, कारण भिजलेल्या कापडात लिक्विड पातळ होऊन पसरतं आणि डाग नेमका कुठे होता तेही कळत नाही. डाग ताजा असेल तर त्याआधी टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर जाडसर भुरभुरवा, अर्धा तास तसंच ठेवा आणि झटकून टाका. वरचं बरंचसं तेल त्यात शोषलं जातं. मग थोडं लिक्विड ओतून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने चोळा. चादर उलटून मागूनही चोळा, कारण तेल आरपार गेलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटं राहू द्या आणि सुती चादर असेल तर चांगल्या गरम पाण्यात धुवा. गरम अशासाठी की खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. थंडीतल्या सकाळी टाकीच्या पाण्यात ते धाग्यांत घट्ट बसून राहतं.

गरम पाण्याला एक अपवाद. त्याच जागी वीर्याचा किंवा पाळीच्या रक्ताचा डाग असेल तर आधी गार पाणीच. त्यात प्रथिनं असतात, ती उष्णतेने कापडात पक्की बसतात. तेवढा भाग आधी गार पाण्याने मोकळा करा आणि मग वरचं सगळं, चादर पुन्हा सुकल्यावर.

धुतल्यावर कडक उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच नको. सावलीत वाळवा, उजेडात धरून बघा. डाग दिसला तर पुन्हा कोरड्यावर लिक्विड. उष्णता लागली की उरलेलं तेल पुढच्या धुण्यात आणखी चिवट होतं. तुम्ही इतके दिवस धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेले डाग एका फेरीत जातील असं मी सांगणार नाही. खोबरेल दोन-तीन फेऱ्यांत निघावं. सिलिकॉनला तेवढ्याच किंवा जास्त लागतात. महानारायण तेल तिळाच्या तेलात काढ्याची औषधं घालून करतात, त्यामुळे तेल निघालं तरी पिवळट झाक राहू शकते. पांढऱ्या चादरीवरची तेवढी झाक ऑक्सिजनवाल्या डाग-पावडरमध्ये भिजवून कमी होते. फॅब्रिक सॉफ्टनर या चादरींना नकोच, तो स्वतःच धाग्यावर मेणचट थर सोडतो. सोलापुरी चादर असेल तर गरम पाण्याआधी एका कोपऱ्यावर रंग जातो का बघा.

पुढच्या वेळेसाठी जुनी सुती साडी चौपदरी घडी करून खाली अंथरा. महागड्या वॉटरप्रूफ चादरींच्या फंदात पडू नका. त्या दांडीवर वाळताना जास्त प्रश्न विचारले जातील.

आणि खोबरेलाच्या जागी वॉटर-बेस्ड जेल. कंडोमला चालतं, चादरीला चालतं. सिलिकॉनचंही कंडोमला चालतं, पण तुमच्या घरात धुण्याची जी कसरत आहे ती बघता मी ते सुचवणार नाही. जेलने आग झाली किंवा खाज सुटली तर ते सोडून दुसरं घ्या.

कोरडेपणाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, जणू तो तुमचाच काही दोष. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळे तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते. इच्छा असण्या-नसण्याशी याचा संबंध असेलच असं नाही. जेलने भागलं तर उत्तम. दुखत असेल, संबंधांनंतर रक्त दिसत असेल, लघवीला वारंवार जळजळ होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तिथे लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते आणि पुष्कळ जणींना तिने आराम पडतो. ती मात्र उपचार म्हणून ठरलेल्या वेळी लावायची, जेलसारखी ऐनवेळी नाही. काही क्रीमच्या तेलकट बेसने कंडोम कमजोर होतो, तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

सासूबाईंना खरं सांगायची काही गरज नाही. पाठ बरी झाली म्हणा, बाटली आदराने परत करा आणि विषय संपवा. मला तर शंका आहे की त्यांना सगळं कळलंय. याच वयातून त्याही गेल्यात, आणि सुनेची अडचण ओळखून तेलाची बाटली पुढे करणारी बाई साधीभोळी असेलच असं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, तुम्हीही बोलू नका. दोघींचंही बरं चाललंय.

माझी तक्रार आहे ती यजमानांबद्दल. जेल मागायची लाज त्यांना वाटली, आणि डाग, सोडा, ब्लीच, सासूबाईंचे प्रश्न तुमच्या वाट्याला आले. हे काही बरोबर नाही. जवळच्या दुकानदाराचा संकोच असेल तर ठाण्याला उतरून घ्यावं, ऑनलाइन मागवावं. चिठ्ठी लागत नाही. त्या रात्रीची चादर कोरड्यावर लिक्विड लावून चोळायचं कामही आता त्यांच्याकडे द्या. टूथब्रश कुठे ठेवलाय तेवढं दाखवा.