प्रश्न तुमचे: कुत्रा गेल्यावर आणि दुसरा आणताना

प्रश्न : आमच्या म्हाताऱ्या लॅब्रेडोरची मूत्रपिंडं निकामी झाली होती. शेवटी इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं. इंजेक्शननंतर त्याचे डोळे उघडेच राहिले आणि मिनिटभराने त्याने दोनदा जोरात श्वास ओढला. त्याला कळत होतं का? आम्ही घाई तर केली नाही ना?

नाही, त्याला काही कळत नव्हतं. या इंजेक्शनात बहुतेक वेळा पेंटोबार्बिटल असतं. मुळात ते भूल देणारंच औषध, फक्त मात्रा भुलीच्या कितीतरी पट. ते शिरेत गेलं की काही सेकंदांत आधी शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो आणि काही मिनिटांत हृदय. तुम्ही पाहिलात तो जगण्याच्या धडपडीतला श्वास नव्हता. शुद्ध गेल्यानंतरही छातीचा पडदा एक-दोनदा आपोआप आकुंचन पावतो. डोळ्यांचंही तसंच. पापणी मिटून ठेवायला स्नायूचा ताण लागतो, तो सैल पडला की डोळा उघडा राहतो. कुणाची लघवी होते, कुणाचा पाय थरथरतो. हे सगळं आधी दोन वाक्यांत सांगून ठेवायला हवं. त्या घाईगर्दीत ते राहून जातं आणि घरच्यांना महिनोन्‌महिने छळतं.

घाईबद्दल बोलायचं तर रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसतं, तोवर मूत्रपिंडांचं साधारण ७५ टक्के काम बंद पडलेलं असतं. म्हणजे ‘आधी कसं लक्षात आलं नाही’ या प्रश्नाचं उत्तर आजाराच्या स्वभावातच आहे. मनाची खात्री पटत नसेल तर त्याची फाइल घेऊन डॉक्टरांकडे दहा मिनिटं बसा. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येक तारखेला हातात कोणता उपाय होता, ते विचारा. नुसत्या धीर देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. रिकाम्या घरात नखांची टकटक ऐकू आल्यासारखं वाटतं, त्याला घाबरू नका. बऱ्याच जणांना ती ऐकू येते. मात्र काही आठवड्यांनंतरही झोप, जेवण, काम रुळावर येत नसेल तर समुपदेशकाला गाठा. जगणंच नकोसं वाटू लागलं तर त्याच दिवशी.

प्रश्न : दोघांपैकी एक गेला. मागे राहिलेली कुत्री दाराशी बसून राहते, दोन दिवस खाल्लेलं नाही. तिच्या सोबतीला लगेच दुसरा आणावा का?

आधी तिला डॉक्टरकडे न्या, सोबतीचं नंतर बघू. कुत्री जोडीदाराला शोधतात, कमी खातात, जास्त झोपतात, माणसाच्या पायात पायात करतात, हे खरं. पण एकाच घरात, एकाच अंगणात राहिलेल्या दोघांना गोचीडताप, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) किंवा विषबाधा एकदमही होऊ शकते. तिकडे ‘बिचारी शोक करते आहे’ म्हणून चार दिवस निघून जातात. मोठ्या कुत्र्याने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर फोन करावा. दोन दिवस झाले असतील तर तपासणी हवीच. उलटी, ताप, पिवळसर हिरड्या दिसल्या तर थांबूच नका.

तपासणीत काही निघालं नाही तर फिरण्याच्या आणि जेवणाच्या वेळा एका मिनिटानेही बदलू नका. वाटी २० मिनिटं ठेवून उचला. हाताने भरवायची सवय लावलीत तर ती पुढे मोडणं जड जातं. गेलेल्याचं अंथरूण तिला हुंगू द्या, लगेच धुऊन टाकू नका. दुसरा आणायचा तो ती पूर्ववत खाऊ-खेळू लागल्यावर. आधीच मिटून बसलेल्या कुत्रीच्या अंगावर पिल्लू नाचायला लागलं तर गुरगुरण्याशिवाय तिच्या हातात काय उरतं?

प्रश्न : तीन महिन्यांचं पिल्लू पार्व्होने गेलं. घर फिनेलने तीनदा पुसून काढलं आहे. दुसरं पिल्लू कधी आणता येईल?

फिनेलने पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब-उलट्या करणारा विषाणू, मरत नाही. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरणच नसतं, त्यामुळे साबण, फिनेल, सुगंधी फ्लोअर क्लीनर यांचा त्याच्यावर भरवशाचा परिणाम होत नाही. सावलीतल्या ओलसर मातीत तो कित्येक महिने, कधी वर्षभरही तग धरतो. तेव्हा इथे ‘मन कधी तयार होईल’ हा प्रश्न दुसरा, घर कधी तयार होईल हा पहिला.

फरशी आधी साबणाने घासून धुवा. शी-उलटीचा अंश राहिला तर ब्लीच त्याच्यावरच खर्ची पडतं. मग साधं घरगुती ब्लीच, म्हणजे ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी या प्रमाणात घ्या. लिटरभर पाण्याला साधारण ३३ मिली. द्रावण रोज ताजं करा, बाटलीही जुनी नको, कारण ठेवून ठेवून त्याचा जोर जातो. फरशी पूर्ण १० मिनिटं ओली राहिली पाहिजे. लोक चुकतात ते इथेच: फडका फिरवतात आणि लगेच पंखा लावतात. खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरा कोणताही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. स्टीलची भांडी याच द्रावणातून काढून धुऊन घ्या. गादी, मऊ खेळणी, कापडी पट्टा, लाकडी फळी टाकून द्या. मातीच्या अंगणावर मात्र ब्लीच चालत नाही. तिथला वरचा थर काढा, ऊन येऊ द्या आणि तो भाग बंद ठेवा.

एवढं करूनही लहान पिल्लाची घाई नको. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लस निष्प्रभ करते आणि ती नेमकी कधी ओसरते ते प्रत्येक पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी डोस देतात आणि शेवटचा १६ आठवडे किंवा त्यानंतर. ‘दोन लशी झाल्यात’ एवढ्यावर विसंबून ९-१० आठवड्यांचं पिल्लू तुमच्या घरी आणणं म्हणजे त्याला जुगारावर लावणं. तुमच्यासाठी लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा सगळ्यात बरा, शेवटच्या डोसनंतर किमान दोन आठवड्यांनी. आधीचं पिल्लू डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराने गेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तो विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला काय सांगावं?

‘त्याला झोपवलं’ असं सांगू नका. मूल रात्री झोपायला घाबरतं. ‘पळून गेला’ही नको, ती वाट बघत बसेल. ‘त्याचं शरीर बंद पडलं, आता तो श्वास घेत नाही, त्याला दुखत नाही, तो परत येणार नाही.’ एवढं पुरे. या वयात ‘कायमचं’ म्हणजे काय हे पुरतं उमगत नाही, त्यामुळे आठवड्याभराने ती पुन्हा विचारेल. तेव्हाही हेच शब्द.

प्रश्न : नवीन कुत्रा आणून तीन आठवडे झाले. तो जुन्यासारखा नाही, जवळ येत नाही, कोपऱ्यात बसतो. चूक झाली असं वाटतं.

तीन आठवडे फार थोडे झाले. निवाऱ्यांमध्ये एक ढोबळ अंदाज सांगतात: पहिले ३ दिवस भेदरलेले, ३ आठवड्यांत वेळापत्रक कळतं, ३ महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. आतापर्यंत दिसला तो त्याचा स्वभाव नव्हे, त्याची सावधगिरी.

जुन्याची जागा, जुन्याची वाटी, जुन्याचं नाव त्याला देऊ नका. नाव दिलंत की हाक मारताना प्रत्येक वेळी तुलना होते. त्याचा कोपरा वर्दळीपासून दूर हवा, तिथे कुणी त्याच्यावर वाकायचं नाही. तुम्ही जमिनीवर त्याच्याकडे बाजू करून बसा, त्याच्याकडे न पाहता खाऊ हातभर अंतरावर टाका; अंतर रोज वीतभर कमी करा. अन्न बदलायचं असेल तर सात दिवसांत: आधी पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. नाहीतर जुलाब होतात आणि दोष कुत्र्यावर येतो. पहिले दोन-तीन महिने उघड्या जागेत साखळी सोडू नका. नवखा कुत्रा दचकून पळाला तर त्याला परतायचं घर अजून ठाऊक नसतं. पट्टा इतका घट्ट ठेवा की खाली दोनच बोटं जातील, आणि जोडीला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाला.

आणि जुन्याची उरलेली औषधं या कुत्र्याला द्यायची नाहीत, आजार ‘तोच’ वाटला तरी. मात्रा वजनावर ठरते, आणि आयव्हरमेक्टिनसारखं औषध कोली जातीच्या काही कुत्र्यांच्या मेंदूला बाधतं. उरलेली औषधं डॉक्टरकडे परत करा.