वावर गहाण ठेवायच्या आधी

भाऊ,

पत्र मिळालं. मुलगा बारावी सायन्सला आहे. लिहिलेलं गणित वाचून त्याचं उत्तर काढणारा प्रोग्राम करत तो रात्र-रात्र जागतो. क्लासचे सर म्हणाले, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे एका ओळीचं काम, पोरगा वेळ घालवतोय. म्हणून दोन एकर गहाण ठेवून त्याला नागपूरच्या क्लासला टाकायचं, आणि मी त्याचं हे खूळ काढायचं, असं तुमचं म्हणणं.

मी काढणार नाही. मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. "वावर तुझ्यासाठी गहाण ठेवतोय, आता तूच बघ," हे तुम्ही त्याला जेवताना ऐकवलंत. कापसाला भाव नाही मिळाला तर तुम्ही स्वतःला दोष देता का? मग एका पेपरवर घरादाराचं कर्ज का टांगता? सतरा वर्षांचं पोर अशानं अभ्यास करत नाही, नुसतं घाबरतं. ते वाक्य त्याच्यासमोर बसून मागे घ्या. वावर गहाण ठेवू नका.

आता ती 'एक ओळ'. सर म्हणतात ते इव्हॅल, म्हणजे लिहिलेला मजकूर प्रोग्राम म्हणून चालवणारी पायथनची आज्ञा. ते गणित सोडवतं हे खरं, पण समोरच्यानं गणिताऐवजी फायली पुसायचा हुकूम लिहिला तर तोही पाळतं. अनोळखी माणसानं टाइप केलेला मजकूर त्याच्या हाती कोणी जाणता प्रोग्रामर देत नाही. तुमच्या मुलानं आकड्यांचा एक ढीग आणि चिन्हांचा एक ढीग केलाय. 2+3*4 मध्ये अधिक थांबवून ठेवायचं, गुणाकार आधी उरकायचा. ही रीत डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं 1961 च्या सुमारास मांडली, आणि कॉम्प्युटरच्या पदवीला ती आजही शिकवतात. याला टाइमपास म्हणणं चूक आहे.

सीईटी त्यानं द्यावीच. यवतमाळ, अमरावतीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. नाही जमलं तर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आहे. आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस पदवीही आहे, तिला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता फेरी असते.

पत्राच्या खाली त्यानं पेन्सिलीनं लिहिलंय, "5*-3 ला अडकतो." हे त्याला वाचून दाखवा: बाळा, वजाच्या आधी काय आहे ते बघ. काहीच नसेल, दुसरं चिन्ह असेल किंवा उघडता कंस असेल, तर ते वजाबाकीचं नाही, आकड्याचं ऋण चिन्ह आहे. त्याला वेगळं नाव देऊन ढिगात ठेव. मात्र घाताला त्याच्या वरचा मान दे, कारण पायथन -2**2 चं (** म्हणजे घात) उत्तर -4 देतो. हे जमलं की पायथनमधलं एएसटी नावाचं मोड्यूल उघड. ते गणिताचं झाड बनवून देतं. त्यातले आकडे आणि तुला हवी तेवढीच चिन्हं चालू द्यायची, बाकी सगळं नाकारायचं. आणि घाताला मर्यादा घाल, नाहीतर कोणी 9**9**9 लिहिलं की लॅपटॉप तिथंच अडकून बसेल.