गवताची गंजी की गव्हाची उडवी?

प्रश्न असा आहे: क्लोद मोनेच्या ‘हेस्टॅक्स’ या चित्रमालिकेवर रसास्वाद लिहिताना ‘गवताच्या गंजी’ म्हणावं का? प्रश्नकर्त्याला शब्द खटकतोय.

खटकतोय ते बरोबरच आहे. पण दोष गंजीचा नाही, गवताचा आहे. या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट), म्हणजे पालटत्या उजेडाचा ठसा टिपणाऱ्या चित्रकारानं १८९०-९१ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावातल्या घराजवळच्या शेतात जे ढीग रंगवले, ते मळणी न झालेल्या गव्हाचे. मूळ फ्रेंच नावात गवताचा उल्लेखच नाही. ते इंग्रजीनं घुसडलं. ‘राशी’ही नको, कारण रास म्हणजे मळून खळ्यावर पडलेलं धान्य.

कोकणात यासाठी नेमका शब्द आहे, उडवी. कापलेल्या भाताचे भारे लोंब्या आत ठेवून रचतात, ती उडवी. विदर्भ-मराठवाड्यात सुडी म्हणतात. गंजीही चालते, ती कडब्याची असते तशी मळणीसाठी थांबलेल्या सोयाबीनचीही असते.

एवढा कीस काढायचं कारण चित्रातच आहे. मळणीयंत्र गावोगाव फिरायचं. पाळी येईपर्यंत या उडव्या महिनोन्‌महिने शेतात उभ्या असत आणि दाणा भिजू नये म्हणून वरून शाकारलेल्या असत. म्हणून तर त्या चित्रात एखाद्या खोपटासारख्या दिसतात, आणि म्हणूनच मोनेला तोच विषय उन्हाळ्याच्या अखेरीला मिळाला तसा बर्फातही मिळाला.

बोस्टनच्या संग्रहालयातलं सूर्यास्ताचं चित्र बघा. उडवीची आपल्याकडची बाजू सावलीत आहे, पण ती सावली काळी नाही; तांबड्या-जांभळ्या फटकाऱ्यांची आहे, आणि कडा पेटल्यासारख्या नारिंगी. ऑक्टोबर १८९० मध्ये मोनेनं पत्रात कुरकुर केली होती, की सूर्य इतक्या लवकर मावळतो की त्याला गाठताच येत नाही. उजेड पालटला की तो हातातला कॅनव्हास ठेवून दुसरा घ्यायचा.

गंमत म्हणजे, यातलंच एक चित्र मॉस्कोत पाहिलं तेव्हा रशियन चित्रकार कँडिन्स्कीला ते कशाचं आहे हेच ओळखू आलं नव्हतं. कॅटलॉग वाचल्यावर कळलं. आधी तो वैतागला, पण चित्र काही डोक्यातून जाईना.

तुम्ही बिनधास्त ‘गव्हाच्या उडव्या’ लिहा. वाचक देशावरचे असतील तर ‘गव्हाच्या गंजी’.