वाचकांचे प्रश्न : "कंत्राटदाराला विचारा" असे उत्तर मिळाल्यावर

प्रश्न : माझी मुलगी बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तेथील सफाई कामगारांना आणि भोजनगृहातील कर्मचाऱ्यांना "निर्वाह वेतन" मिळावे म्हणून विद्यार्थ्यांची जी मोहीम चालू आहे, तिच्यात ती सामील झाली आहे. पगार बाजारभावाने ठरतो, त्यात शिकायला गेलेल्या मुलांनी का पडावे, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. मला तिची काळजी वाटते, पण ती चुकीचे करते आहे असेही मनापासून वाटत नाही. अशा मोहिमांतून काही निष्पन्न होते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली मुलगी ज्या परिसरात राहते, तेथेच या प्रकारच्या मोहिमांपैकी सर्वांत गाजलेली मोहीम घडली होती, म्हणून आधी तिच्याविषयी सांगतो.

बॉस्टनलगतच्या केंब्रिज या शहराच्या नगरपालिकेने १९९९ साली आपल्या आणि आपल्या कंत्राटदारांच्या कामगारांसाठी ताशी दहा डॉलर हे निर्वाह वेतन, म्हणजे घर चालवायला पुरेल असे वेतन, ठरवले. त्याच शहरातल्या हार्वर्ड विद्यापीठात मात्र शेकडो कामगारांना, विशेषतः कंत्राटदारांमार्फत नेमलेल्या सफाई कामगारांना आणि सुरक्षारक्षकांना, त्याहून कमी मजुरी मिळत होती. विद्यार्थ्यांनी दोन-अडीच वर्षे निवेदने दिली, सभा घेतल्या. विद्यापीठाने प्राध्यापकांची एक समिती नेमली. तिने २००० साली प्रशिक्षणाच्या आणि आरोग्यविम्याच्या सोयी वाढवण्याची शिफारस केली, परंतु मजुरीची किमान पातळी ठरवण्यास नकार दिला. शेवटी १८ एप्रिल २००१ रोजी सुमारे पन्नास विद्यार्थी विद्यापीठाच्या अध्यक्षांचे कार्यालय असलेल्या मॅसॅच्युसेट्स हॉल या १७२० सालच्या इमारतीत शिरले आणि एकवीस दिवस तेथे धरणे धरून बसले. बाहेरच्या हिरवळीवर तंबू उभे राहिले, शेकडो प्राध्यापकांनी पाठिंब्याच्या पत्रावर सह्या केल्या आणि सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्यासारखी मंडळी येऊन गेली.

मागणी ताशी सव्वादहा डॉलरची होती. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर हे वर्षाला २१,३२० डॉलर होतात. त्या वेळचे अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन ताशी ५.१५ डॉलर, म्हणजे वर्षाला जेमतेम १०,७१२ डॉलर होते. विद्यापीठाचा स्थायी निधी तेव्हा एकोणीस अब्ज डॉलरांच्या आसपास होता. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवल्यावर पैसे नाहीत असे कोणालाही म्हणता आले नसते, आणि विद्यापीठाने तसे म्हटलेही नाही. त्याचा युक्तिवाद आपल्या यजमानांसारखाच होता, की मजुरी बाजाराने आणि युनियनशी होणाऱ्या वाटाघाटींनी ठरावी.

या युक्तिवादाचे काय झाले, ते मला धरण्यापेक्षाही महत्त्वाचे वाटते. ८ मे रोजी विद्यार्थी बाहेर आले ते एका नव्या समितीच्या आश्वासनावर. या समितीत विद्यार्थी आणि कामगारांचे प्रतिनिधीही होते, आणि अध्यक्षस्थानी लॉरेन्स कॅट्झ होते. कॅट्झ हे श्रमबाजाराचे नामांकित अर्थतज्ज्ञ, म्हणजे बाजार म्हणजे काय हे ज्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही असे गृहस्थ. त्यांच्या समितीने डिसेंबर २००१ च्या अहवालात दाखवून दिले, की नव्वदच्या दशकात महागाई वजा जाता सफाई कामगारांची मजुरी घटली होती आणि कामे बाहेरच्या कंपन्यांना देण्याच्या धोरणाचा त्यात मोठा हात होता. कंत्राटदाराचा माणूस स्वस्तात मिळतो हे दिसल्यावर विद्यापीठाच्या स्वतःच्या कामगारांची युनियनही वाटाघाटीत नमते घेऊ लागली होती. म्हणजे ज्याला "बाजार" म्हटले जात होते, तो काही अंशी विद्यापीठाच्या निविदांनीच घडवलेला होता. समितीने ताशी १०.८३ ते ११.३० डॉलर या दरम्यान मजुरी असावी असे सुचवले. त्याशिवाय, एकाच प्रकारच्या कामासाठी कंत्राटदाराच्या कामगारालाही विद्यापीठाच्या कामगाराइतकेच वेतन आणि लाभ मिळाले पाहिजेत, अशी शिफारसही तिने केली. माझ्या मते या मोहिमेचे खरे यश ही दुसरी शिफारस होती. मजुरीचा आकडा महागाईत विरघळतो, परंतु कंत्राट देऊन मजुरी वाचवण्याची वाट एकदा बंद झाली की कंत्राट देण्यामागचा मोहच संपतो.

तरीही सगळे सुरळीत झाले असे आपण मुलीला सांगू नये. पंधरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, त्याच विद्यापीठाच्या भोजनगृहांतील सुमारे साडेसातशे कर्मचाऱ्यांना बावीस दिवस संप करावा लागला. त्यांचा ताशी दर तोपर्यंत वाईट नव्हता, पण उन्हाळ्याच्या सुटीत भोजनगृहे बंद झाली की त्यांचे काम आणि पगार दोन्ही थांबत, म्हणून त्यांनी वर्षाला किमान ३५,००० डॉलर मिळतील अशी हमी मागितली. घर वर्षाचे बारा महिने चालवावे लागते, ही गोष्ट ताशी दरात मावत नाही. या संपात आघाडीवर स्वतः कामगार आणि त्यांची युनियन होती आणि विद्यार्थी पाठीशी होते. मला हा क्रम अधिक योग्य वाटतो. मुलगी ज्या मोहिमेत आहे, तिथे मागणीचा आकडा कामगारांच्या बैठकीत ठरतो की विद्यार्थ्यांच्या, एवढे तिला विचारून पाहावे.

आपल्या काळजीविषयी एवढेच, की परदेशी विद्यार्थ्याने अटक किंवा शिस्तभंगाची कारवाई ओढवेल असे काही करण्याआधी व्हिसाच्या दृष्टीने वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. मोहिमेत याखेरीजही भरपूर काम असते. घरभाडे, किराणा आणि पाळणाघर यांचा हिशेब मांडणे किंवा विद्यापीठाचे अंदाजपत्रक वाचणे हे धरण्याइतके दिसत नाही, पण वाटाघाटीच्या टेबलावर तेच उपयोगी पडते.

प्रश्न : मी पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात तृतीय वर्षात शिकतो आणि वसतिगृहात राहतो. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींना हातात जेमतेम नऊ हजार मिळतात, पीएफ कापला जातो पण त्याची पावती मिळत नाही, आणि मे महिन्यात मेस बंद असताना तिथल्या कामगारांना बिनपगारी घरी बसवतात. आम्ही प्राचार्यांना भेटलो तेव्हा "ते आमचे कर्मचारी नाहीत, कंत्राटदाराला विचारा" असे उत्तर मिळाले. यात कायदा काय सांगतो आणि आम्ही कुठून सुरुवात करावी?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : प्राचार्यांनी दिलेले उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच अमान्य केलेले आहे. दिल्लीतील एशियाडच्या बांधकामांवर कंत्राटदारांमार्फत राबणाऱ्या मजुरांना किमान वेतन मिळत नसल्याचे प्रकरण न्यायालयापुढे आले, तेव्हा हे मजूर कंत्राटदाराचे आहेत असे सांगून सरकारी यंत्रणांना हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यापुढे जाऊन, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी आहे, असेही म्हटले. हा निकाल आपण प्राचार्यांना नम्रपणे दाखवावा.

आजच्या कायद्यातही हीच भूमिका आहे. वेतन संहितेनुसार, कामावर ठेवणाऱ्याने पगाराची पूर्ण रक्कम दिली नाही, तर ज्याच्या आस्थापनेत ते काम चालते त्याच्यावर ती देण्याची जबाबदारी येते. थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. कंत्राटी कामगारांविषयीच्या स्वतंत्र तरतुदींना कामगारसंख्येची मर्यादा आहे आणि लहान महाविद्यालये तिच्या खाली सुटतात, हे खरे आहे. पण किमान वेतनाला अशी मर्यादा नाही. पीएफच्या बाबतीतही कंत्राटदाराने भरणा केला नाही तर मूळ मालकाला, म्हणजे येथे महाविद्यालयाला, तो भरावा लागतो. आपल्या मावशींना त्यांचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) क्रमांक कंत्राटदाराकडून मागायला सांगावे. तो मिळाला की मोबाइलवर पासबुक पाहता येते आणि कापलेली रक्कम खात्यात पोहोचली की नाही हे पाच मिनिटांत कळते. कामगाराच्या पगारातून बारा टक्के कापले जातात आणि मालकाने तितकीच भर स्वतःच्या खिशातून घालायची असते. काही कंत्राटदार हा दुसरा हिस्साही कामगाराच्याच पगारातून काढतात, म्हणून दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

आता "किमान वेतन" आणि "निर्वाह वेतन" यांतला फरक पाहू, कारण मोहीम कशासाठी करायची हे त्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्रात किमान वेतनात मूळ दर आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता असे दोन भाग असतात. बऱ्याच ठिकाणी जुन्याच भत्त्यावर पगार काढला जातो आणि फरक कंत्राटदाराकडे राहतो, तेव्हा पहिली तपासणी तिथेच करावी. पण कायद्याचा दर पूर्ण मिळाला तरी तो घर चालवायला पुरेल असे नाही. घटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये राज्याने ज्या निर्वाह वेतनासाठी झटावे असे म्हटले आहे, त्यात सुसह्य राहणीमान, फुरसत आणि सांस्कृतिक संधी यांचाही उल्लेख आहे. झाडू मारणाऱ्या बाईलाही फुरसत असावी, असे आपली घटना लिहून ठेवते.

हिशेबाची पद्धतही आपल्याकडे जुनी आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधारित वेतनाचे सूत्र घालून दिले. त्यात एका मिळवत्यामागे तीन उपभोग घटक (म्हणजे तीन प्रौढांइतकी गरज), प्रत्येकी २,७०० कॅलरींचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के इतकी तरतूद धरली होती. पुढे रॅपटाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के जोडले. गंमत अशी, की परिषदेने आणि न्यायालयाने हे सगळे "किमान" वेतनासाठी सांगितले होते. आपल्या मावशींबरोबर बसून त्यांच्या वस्तीतले भाडे, गॅस, रेशनबाहेरचे धान्य, शाळेची रिक्षा यांचा हिशेब या सूत्रात बसवावा. तो कागद तुमच्या घोषणांपेक्षा जड ठरेल.

महाविद्यालय अनुदानित असल्याने माहितीच्या अधिकाराखाली कंत्राटाची प्रत, कंत्राटदाराची देयके आणि त्यांना जोडलेली वेतनपत्रके मागता येतात. देयकात माणशी दाखवलेली रक्कम आणि मावशींच्या बँक खात्यात आलेली रक्कम यांतील अंतर पाहिले, की पुढचा रस्ता बहुधा आपोआप दिसतो. बँकेत पूर्ण पगार जमा करून त्यातला काही भाग रोखीने परत घेण्याच्या तक्रारीही वारंवार ऐकू येतात, त्यामुळे केवळ बँकेच्या नोंदीवर थांबू नये. सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ चा स्वतंत्र कायदा आणि सुरक्षा रक्षक मंडळे आहेत, म्हणून त्यांचा प्रश्न वेगळा हाताळावा लागेल.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. तक्रारीवर मावशींची नावे घालण्याची घाई करू नये. कंत्राटदार उद्या "कामावर येऊ नका" असे तोंडी सांगतो आणि तुमच्या परीक्षा संपून तुम्ही गावी गेलेले असता. आधी त्यांची एखाद्या नोंदणीकृत कामगार संघटनेशी गाठ घालून द्यावी, आणि कामगार आयुक्त कार्यालयातील अर्ज संघटनेच्या नावाने जावा. मेसच्या कामगारांसाठी सुटीतील पगाराची अट पुढच्या कंत्राटातच घालावी लागेल. कंत्राटाचे नूतनीकरण केव्हा आहे ते आजच विचारून ठेवावे, कारण निविदा निघून सर्वांत कमी दराची बोली एकदा मंजूर झाली की तुमचे म्हणणे कितीही रास्त असले तरी वर्षभर लांबते.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात लेखापाल होतो. निर्वाह वेतन द्यावे हे मान्य, पण पैसा आणायचा कोठून? शेवटी तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनच जाणार ना?
— एक निवृत्त वाचक, सातारा

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. रिकामी झालेली चतुर्थ श्रेणीची पदे शासन भरू देत नाही, म्हणून संस्था कंत्राटाकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. डिसेंबर २०२० मध्ये तर अनुदानित शाळांतील शिपायांच्या नियमित पदांऐवजी ठोक भत्ता देण्याचा शासन निर्णय निघाला. तेव्हा मोहिमेचा एक रोख मंत्रालयाकडेही असायला हवा आणि त्यात संस्थाचालकांनी कामगारांच्या बाजूने उभे राहायला हरकत नाही.

तोवर हिशेब करून पाहू. समजा दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात वीस सफाई कामगार आहेत आणि प्रत्येकाचे वेतन दरमहा चार हजार रुपयांनी वाढवायचे आहे. वर्षाचे ९ लाख ६० हजार रुपये होतात. त्यावर मालकाच्या हिश्शाचा बारा टक्के पीएफ, सव्वातीन टक्के ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि ८.३३ टक्के बोनस धरला तर रक्कम बारा लाखांच्या आत राहते, म्हणजे दर विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे सहाशे रुपये. ही सगळी वाढ शुल्कातूनच करावी असेही नाही, कारण स्नेहसंमेलनाचा मांडव, सभागृहाचे भाडे आणि प्रवेशाच्या हंगामातील जाहिराती यांचे खाते आपण माझ्यापेक्षा अधिक जवळून पाहिलेले आहे. आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकावर हाच हिशेब मांडून पाठवलात तर पुढच्या अंकात तो आनंदाने छापू.