गीझर फुटाण्यासारखा तडतडतो का? नव्या घरातल्या गरम पाण्याच्या तक्रारी

थंडी पडली की प्रश्नही याच विषयावर येतात. पऱ्हाट्या-तुराट्यांवर बंब पेटवणारी बरीच घरं आता स्लॅबची झालीत, न्हाणीत गीझर आलाय. पण तो कसा चालतो ते बसवणारा सांगून जात नाही.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात मागच्या दिवाळीला नवं घर बांधलं. 25 लिटरचा गीझर आहे, पाणी बोअरचं. यंदा सुरू केला की पाच-दहा मिनिटांत आतून फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. टाकी फुटेल का?

ताई, तडतडीने टाकी फुटत नाही. पण दुर्लक्ष केलं तर कॉइल नक्की जाईल. तुमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाण पट्ट्यातला. तिथल्या बोअरच्या पाण्यात खारेपणा असतोच, आणि बऱ्याच ठिकाणी जडपणाही. खारेपणा टाकी गंजवतो, जडपणा थर चढवतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडून सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर बसतो. त्या थराखाली अडकलेलं थोडंसं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे थर फोडून बाहेर येतात. तोच तुमचा फुटाणा. चहाच्या पातेल्याच्या तळाला पांढरं बसतं ना, तसंच हे.

मागच्या हिवाळ्यात असाच एक गीझर उघडला. तळाशी अंड्याच्या कवचासारखे तुकडे, चांगले दोन ओंजळी निघाले. कॉइलचा तांब्याचा रंग कुठे दिसतच नव्हता.

उपाय असा. मेनपासून वीज बंद, पाणी थंड होऊ द्यायचं, टाकी रिकामी करायची, मग मिस्त्रीकडून खालची प्लेट उघडून घ्यायची. कॉइल कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून बुडवून ठेवा, थर मऊ पडतो. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका, ते कॉइलचा पत्रा खातं. आत मॅग्नेशियमची कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. ती काडीसारखी बारीक झाली असेल तर बदला. प्लेटचं रबरही नवंच टाका. थर्मोस्टॅट 60 अंशांच्या आसपास ठेवा. त्याच्या वर थर फार लवकर चढतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला मानतात, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत. तुमचं पाणी एकदा तपासून घ्या. जडपणा जास्त निघाला तर ही सफाई दरवर्षी थंडीच्या आधी करावीच लागेल.

प्रश्न : गीझर तापताना बाजूच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. मिस्त्री म्हणतो, बूच मारून टाकू. मारू का? (देवळी, जि. वर्धा)

नाही भाऊ, काहीही झालं तरी नाही. 15 अंशांचं 25 लिटर पाणी 60 पर्यंत तापलं की जवळपास 400 मिलिलिटरने वाढतं. त्या वाढलेल्या पाण्याला वाट हवी, ती वाट म्हणजे हा व्हॉल्व्ह. थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी उकळत राहिलं, तर टाकी वाचवणाराही तोच. एका घरी मी त्यात लाकडाची गुल्ली ठोकलेली पाहिली. गीझरचा पत्रा एका बाजूने फुगला होता आणि त्याच्याखाली रोज लेकरं आंघोळ करत होती. व्हॉल्व्हला नळी लावून मोरीत सोडा, तिचं तोंड उघडं ठेवा. गीझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल, तर आत क्षार अडकलेत, व्हॉल्व्ह बदला.

प्रश्न : पहाटे पाणी तापायला तास लागतो, दुपारी अर्ध्या तासात होतं. थर्मोस्टॅट बिघडला का?

थर्मोस्टॅट ठीक आहे, व्होल्टेज कमी आहे. गहू-हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की पहाटे डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, मोटारींचा लोड येतो. 230 चे 180 व्होल्ट झाले की 2 किलोवॅटची कॉइल सव्वा किलोवॅटवर येते. मग 35 मिनिटांचं काम 57 मिनिटांवर जातं. त्याने कॉइल बिघडत नाही, स्टॅबिलायझरवर पैसे घालू नका. दुपारी तापवून ठेवलेलं पाणी चांगल्या टाकीत रात्रीपर्यंत गरम राहतं.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. ते आधी लिहायला हवं होतं. आजच गीझर बंद करा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. खड्ड्यात पाणी सोडा, अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा.

प्रश्न : उन्हाळ्यात छतावरचा सोलर गडगडतो.

गावाला गेलात, पाणी वापरलं नाही, की टाकी उकळते. वाफेची उभी नळी मोकळी ठेवा, काचेच्या नळ्यांवर जाड कापड टाका. टाकी रिकामी पडून नळ्या तापल्या असतील तर भर उन्हात थंड पाणी सोडू नका, काच तडकते. सकाळीच भरा.

प्रश्न : न्हाणीत गॅस गीझर आहे. पेटताना ‘भुस्स’ आवाज होतो. परवा मुलगी आंघोळ करून निघाली ती डोकं धरूनच, चक्कर आली म्हणाली. खिडकी थंडीमुळे बंदच असते. (सिंदेवाही)

दादा, तुमचं पत्र वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आवाजाचं कारण साधं आहे : सेल उतरलेत किंवा बर्नर घाण झालाय. ठिणगी उशिरा पडते आणि साचलेला गॅस एकदम पेट घेतो. तेही वाईटच. पण चक्कर त्याहून वाईट. बंद खोलीत गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मग माणूस आतच पडतो, आणि बाहेरच्यांना वाटतं अजून आंघोळच चाललीय. मुलीला डॉक्टरांना दाखवा, गॅस गीझरचं नाव घेऊन सांगा. गीझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेतल्या भिंतीवर न्या, फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. ते काम होईपर्यंत सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवा आणि आंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर तापवा.