नाशिकची एक पॅकर्स-मूव्हर्स कंपनी आता सिन्नर, ओझरलाही सेवा देते म्हणे. घर हलवायचं काम त्यांना द्यावं की गावातलाच टेम्पो करावा?

सिन्नरचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. नाशिकरोडला आमचा हाच धंदा आहे, दादाचा आणि माझा. एक छोटा हत्ती, दोन पिकअप, मोठं काम असलं की भाड्याची आयशर. २०१६ च्या दिवाळीत दादानं आमच्या पिकअपच्या मागं रंगवून घेतलं : 'सिन्नर, ओझर, पिंपळगाव, इगतपुरी सेवा उपलब्ध'. पेंटरला पैसे दिले, झाला विस्तार! त्या चारही गावांत आमचा ओळखीचा एक माणूस नव्हता.

पहिलंच काम सिन्नरचं आलं. प्रेसमधून रिटायर झालेले एक काका, गावठाणातल्या वडिलोपार्जित घरी परत चाललेले. तारीख १३ नोव्हेंबर, रविवार. म्हणजे नोटाबंदी होऊन पाच दिवस. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा, आणि तिच्या आत तुळशीचं लग्न नव्या घरी लावायचं हा काकूंचा हट्ट. तुळशीची कुंडी त्यांनी गाडीत ठेवूच दिली नाही. मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसल्या. (लोणच्याच्या बरण्या आणि तुळस कुठलीच बाई हमालाच्या हाती देत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.)

मोहदरी घाट चढून गावात शिरलो. गल्लीच्या तोंडाशी हमालांची टोळी उभी. मुकादम म्हणाला, "माल आमच्या गावात उतरतोय, वाराई लागेल. बाराशे." (वाराई म्हणजे माल चढवायची-उतरवायची हमाली.) मी म्हणालो, माझी चार पोरं आहेत, तीच उतरवतील. तो म्हणाला, "उतरवू द्या की. आम्ही कुठं हात लावतोय? वाराई तेवढी द्या."

१९६९ चा माथाडी कायदा हमालांच्या संरक्षणासाठी झाला आणि तो हवाच. पण न उचललेल्या ओझ्याची मजुरी मागायची, हे त्यात कुठंच बसत नाही. हे मी त्याला तिथंच सुनावलं, आणि तिथंच चुकलो. मग मी नमलो तरी माझ्या खिशात सगळ्या जुन्या पाचशेच्या. पंपावर डिझेलला त्या चालत होत्या, मुकादमाला चालेनात. एटीएमपुढं ही रांग.

पावणेदोन तास गाडी उन्हात. गाद्या, कपाट, शिलाई मशीन सगळं बांधलेलं. काका दर पाच मिनिटांनी "मी बोलून बघू का?" म्हणत होते, मी "तुम्ही बसा" म्हणत होतो. दादाला फोन केला तर म्हणाला, "आधी स्टँडवर जाऊन चार चहा पाजायचे असतात, एवढं कळत नाही तुला?" मी म्हणालो, गाडीवर गावाचं नाव लिहिण्याआधी तू पाजायचे होतेस.

शेवटी काकूंनी कुंडी ओट्यावर ठेवली, पिशवीतून देवापुढचा डबा काढला आणि दहाच्या नोटा, पाचाची नाणी मोजायला बसल्या. बाराशे भरले. मुकादमानंही मान खाली घालून घेतले, पण घेतले. ते पैसे मी पुढच्या आठवड्यात काकूंना सुट्या नोटांतच नेऊन दिले. दादा म्हणाला, तुझ्या वाट्यातून कापतो. कापले!

तर तुमचा प्रश्न. कंपनी तुमच्या गावात 'सेवा देते' याला शून्य किंमत आहे. त्यांना एवढंच विचारा, की सिन्नरमध्ये तुमची माणसं कोण, आणि वाराई मागितली तर कोण देणार? दराच्या कागदावर 'वाराईसह' असं लिहून घ्या. दुसरं, गाडी त्यांची स्वतःची आहे का दलालाकडून उचललेली, तेही विचारा. आजूबाजूच्या गावांची कामं बरेच जण फोनवर घेतात आणि परतीच्या रिकाम्या गाडीत ढकलून देतात. रिकामी खेप कुणालाच परवडत नाही, आम्हालाही नाही, त्यामुळं दर फारच कमी सांगितला तर तुमचं सामान दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर जाणार हे समजा. विम्याचं म्हणाल तर 'आमची जबाबदारी' म्हणजे विमा नव्हे, पॉलिसीचा कागद मागा. ई-वे बिलाचे (जीएसटीत माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) वेगळे पैसे कुणी लावले तर देऊ नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही.

गावातला टेम्पो? वाराईची कटकट नाही, पण काच बांधता येणारा माणूस मिळेलच असं नाही. फ्रीज आडवा टाकतात. सामान थोडं असेल तर बिनधास्त करा.

आणि हो, सगळ्या टोळ्या तशा नसतात. ओझरला आम्हाला एका पोरानं पैसे न घेता कपाट जिन्यानं वर नेऊन दिलं होतं. माझा अनुभव जुना आहे, आणि त्या दिवशी मी तोंड आवरलं असतं तर कदाचित पाचशेत मिटलं असतं. पण म्हणून दादाचं बरोबर होतं असं होत नाही.

आता सिन्नरच्या कामांना आम्ही तिथलेच दोघे घेतो. त्यातला एक त्या मुकादमाचा भाचा. दादा येईल त्याला सांगतो, ही कल्पना माझी. वहिनी इथं वाचते, म्हणून लिहून ठेवतो : कल्पना माझी होती, आणि बाराशे अजून यायचे आहेत.