बटण दाबूनही संगणक लवकर सुरू होत नाही

प्रश्न : आमचा डेस्कटॉप सकाळी चार-पाचदा बटण दाबल्यावरच सुरू होतो, नंतर दिवसभर व्यवस्थित चालतो. दोष कोठे असावा?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : थंड असताना अडणारा आणि तापल्यावर सुरळीत चालणारा संगणक बहुधा पॉवर सप्लायमधील (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातील) जुन्या कपॅसिटरकडे, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकांकडे, बोट दाखवतो, कारण त्यांतील द्रव सुकत गेला की मदरबोर्डला (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डला) स्थिर वीज मिळण्यास विलंब होतो. मात्र गोव्याच्या दमट हवेत बटणही आतून गंजते. म्हणून सकाळीच, जाणकाराकडून, मदरबोर्डवरील पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून पाहाव्यात. संगणक लगेच सुरू झाला, तर दोष बटणाचा, आणि तो खर्च किरकोळ. अन्यथा पॉवर सप्लाय बदलावा. तो घरी उघडू मात्र नये, कारण प्लग काढल्यावरही आत धोकादायक विद्युतदाब काही काळ टिकून राहतो.